गाईला डॉक्टर, बाळंतिणीला पान

भाचीला सातवा महिना लागला तेव्हा तिनं शहरातल्या एका गर्भसंस्कार वर्गात नाव घातलं. वर्ग संपताना तिथं सगळ्यांना एक छापील कागद दिला. बाळंतपणानंतर छाती दाटून दुखायला लागली तर करायचे नऊ घरगुती उपाय त्यावर आहेत. शेवटी ठळक अक्षरांत बजावलंय की हे दुखणं निसर्गानंच दिलेलं आहे, त्यावर गोळ्या घेऊ नयेत, त्या दुधात उतरतात, आणि डॉक्टरकडे गेलात तर ते दूधच तोडायला लावतील. भाचीनं तो कागद फ्रिजच्या दारावर लावून ठेवलाय. मी तो उभ्या उभ्या वाचला, मग खुर्ची ओढून परत वाचला. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात प्रसूती कक्षात मी ३१ वर्षं परिचारिका होते. त्या कागदावरची पानं आणि लेप मी बाळंतिणींच्या अंगावर पाहिलेत, आणि बांधलेलं फडकं सोडल्यावर खाली काय निघतं तेही पाहिलंय. म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

घरगुती उपायांशी माझं वैर नाही, हे आधी सांगते. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशोपा असं सगळं केलं आणि मी ते आवडीनं खाल्लं. बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावू द्यायचा नाही, बाळ तिच्या कुशीतच ठेवायचं, ही आपल्याकडची रीत तर सोन्यासारखी आहे. माझं भांडण आहे ते त्या ठळक ओळींशी. त्या ओळी बाईला सांगतात की दुखतंय ते सोस, आणि ताप चढला तरी पानच बांध.

दुखतं का, ते एकदा नीट समजून घ्यायला हवं. वार पडली की अंगातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आत दूध भरायला लागतं. त्याबरोबर स्तनांकडे रक्तही जास्त धावतं आणि आतल्या मांसात पाणी साठतं. म्हणजे हाताला दगडासारखी लागणारी छाती नुसत्या दुधानं भरलेली नसते, तिच्यात सूजही असते. बाळंतपणात सलाइनच्या बाटल्या चढवलेल्या असल्या तर आणखीच. ही सूज आजूबाजूनं दाबते, दुधाच्या नळ्या चेपतात आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग इतका ताठतो की बाळाच्या तोंडात तो मावत नाही. बाळ नुसतं टोक धरतं, टोकाला चिरा पडतात, चिरांमुळे आई बाळाला घ्यायला घाबरते, आणि न घेतल्यामुळे छाती आणखी दाटते. हे चाक एकदा फिरायला लागलं की चोवीस तासांत धडधाकट बाई रडकुंडीला येते.

आता कागदावरचा पहिला उपाय पाहा. कोमट तेल लावून गाठी रगडून मोडाव्यात. आपल्याकडे अंग रगडणारी बाई येते, तिच्या हाताला जोर असतो आणि त्या जोराचंच कौतुक होतं. बाळंतीण ओरडली की गाठ मोडते आहे असं समजतात. पण सूज रगडून जात नाही, वाढते. आत बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, नळ्या आणखी आवळतात. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांची अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिनं २०२२ साली स्तनदाहाबद्दलच्या आपल्या सूचना बदलल्या. जोरानं मालिश नको, पंप लावून सारखं सारखं रिकामं करणं नको, गरमपेक्षा थंड शेक बरा, असं आता त्यात सांगितलं आहे. मोकळेपणानं कबूल करते की आम्ही परिचारिकाही वर्षानुवर्षं बाळंतिणींना चोळा आणि शेका हेच सांगत होतो. माझ्या हातानं मी कितीतरी जणींना चोळलं आहे. तो हात चुकत होता हे कळल्यावर मी तो थांबवला. पिढ्यान् पिढ्या चालत आलंय एवढ्यानं एखादी गोष्ट बरोबर ठरत असती, तर मला थांबावंच लागलं नसतं.

कोबीच्या पानांबद्दल फार लिहीत नाही. फ्रिजमधली थंड पानं ठेवली की बऱ्याच जणींना बरं वाटतं, आणि २०२० सालच्या कोक्रेन आढाव्यातही थंड कोबीनं दुखणं नि ताठरपणा कमी होत असावा असंच आलं आहे, फक्त पुरावा कच्चा आहे. थंड पाण्यात पिळलेला पंचा ठेवला तरी आराम पडतो. ज्या बाईला कोबी ठेवायचाय तिनं खुशाल ठेवावा.

पण त्याच कागदावर, त्याच अक्षरांत, चिरा पडलेल्या स्तनाग्रांना मध आणि हळद लावायला सांगितलंय. वर्षाच्या आतल्या मुलाच्या पोटात मध जाता कामा नये. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते निपचित पडून राहतात, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात, मूल लुळं पडतं, श्वास अडतो. बाळ ज्या जागेला दिवसातून दहा वेळा तोंड लावणार त्याच जागी मध लावायला सांगणाऱ्यानं हा विचार केलेला नाही. चिरांना लावायचंच तर आईच्या दुधाचे चार थेंब लावून वाळू द्यावेत. काही न लावणं किंवा स्वतःचं दूध लावणं हे महागड्या मलमांच्या तोडीस तोड ठरलेलं आहे. आणि चीर पडली याचा अर्थ बाळाची पकड चुकते आहे. पकड सुधारली नाही तर कुठल्याही लेपानं चीर भरणार नाही.

पुढचा लेप धोतऱ्याच्या पानांचा. हा जुन्या औषधांच्या पुस्तकांतून आलेला आहे, मला ठाऊक आहे. धोतऱ्यात अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. शेतकऱ्याच्या घरातल्या लहान पोरालाही धोतऱ्याच्या बोंडाला हात लावू नकोस म्हणून बजावलेलं असतं. ती पानं वाटून आईच्या छातीवर थापायची, आणि मग तिथं तीन किलोचं बाळ लावायचं? त्याखाली मोगरा. मोगऱ्याची फुलं छातीला बांधली की दूध आटतं, हे आपल्या बायकांना पूर्वापार माहीत आहे. बाळ दगावलं, दूध थांबवायचंय, तेव्हा फुलं बांधायचे. वेल्लोरच्या डॉक्टरांनी हे तपासूनही पाहिलं होतं, १९८८ साली ते छापून आलं, आणि फुलांनी दूध खरोखर कमी होत होतं. म्हणजे हा उपाय खरा आहे, पण तो दूध घालवण्याचा. कागदावर तो नवव्या महिन्यातल्या, बाळाला पाजायची वाट पाहणाऱ्या मुलींना दिलाय, आणि दोन ओळी खाली दूध वाढावं म्हणून मेथी आणि शतावरी सांगितली आहे. छाती आधीच फुटायला आलेल्या बाईला तिसऱ्या दिवशी दूध वाढवणारं कशाला? लाडू जरूर द्या, पण छाती मऊ झाल्यावर द्या.

आणि मग नववा उपाय. दुखऱ्या बाजूनं बाळाला पाजू नये, ती बाजू घट्ट बांधून विश्रांती द्यावी.

हा वाचला आणि मला एक मुलगी आठवली. वय एकवीस-बावीस, पहिलटकरीण. बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं, तिसऱ्या दिवशी घरी गेली होती. अकराव्या दिवशी सासू तिला रिक्षातून घेऊन आली. पोरगी वाकून चालत होती, डावा हात अंगापासून लांब धरलेला. अंगात ताप इतका की हात लावला तर चटका बसावा. मी तिला खाटेवर बसवलं, पदराखालचं जुन्या लुगड्याचं फडकं सोडायला घेतलं. दोन पदर सुटले, तिसरा चिकटलेला होता. कोमट पाण्यानं भिजवून भिजवून तो काढला. खाली एरंडाची पानं, शेकून शेकून काळी पडलेली, एकावर एक चार. शेवटचं पान काढताना तिनं माझं मनगट धरलं. त्याखाली रुपयाच्या नाण्याएवढे दोन फोड होते, गरम विटेचे. आणि स्तनाच्या खालच्या बाजूला कातडी ताणून तुकतुकीत, जांभळट लाल झालेली. बोटानं हलकेच दाबलं की आत पाण्यासारखं हललं.

"सिस्टर, लई दुकतंय वो," एवढंच ती म्हणाली, आणि सासूकडं पाठ करून पदर तोंडात धरला.

सासू वाईट नव्हती. सहा दिवस ती माउली रात्रीची उठून वीट तापवत होती. तिनं कसूर केली नव्हती, तिला जे सांगितलं गेलं होतं ते तिनं जिवापाड केलं होतं. तापाचं दूध बाळाला बाधतं म्हणून बाळाला बोंडल्यानं पाणी घातलेलं गाईचं दूध चालू होतं. त्यामुळे इकडे छाती तुंबत गेली आणि तिकडे बाळ वाळत गेलं. डॉक्टरांनी सुई घातली आणि पहिल्याच खेपेला वाडगाभर पू निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, चौथ्या दिवशी पुन्हा. या मुलीचं दुखणं तिसऱ्या दिवशीचं होतं. तेव्हा बाळ नीट लावलं असतं तर दोन दिवसांत ते संपलं असतं.

परंपरेचं नाव घेऊन हे सगळं सांगितलं जातं, याचा मला विशेष राग येतो. आमच्या रुग्णालयात एक आयुर्वेदाचे डॉक्टर होते. त्यांनी मला सुश्रुतसंहितेतल्या चिकित्सास्थानाचा १७वा अध्याय समजावून सांगितला होता. स्तनात विद्रधी, म्हणजे गळू, होत असेल तर उपनाह, म्हणजे पोटीस, बांधू नये असं सुश्रुत तिथं सांगतो. कारणही देतो, की तिथलं मांस मऊ असतं, बांधून ठेवलं तर ते लवकर कुजतं आणि फुटतं. पिकलं असेल तर शस्त्र चालवावं, पण दुधाच्या नाड्या आणि स्तनाग्राचा काळा भाग वाचवून. आणि दुखणं कच्चं असो, आग करणारं असो की पिकलेलं असो, दूध सतत काढत राहावं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शल्यवैद्य जे सांगतो तेच आजचा शल्यचिकित्सक सांगतो. गरम पानं बांधा, ती बाजू बंद ठेवा आणि वैद्याकडे जाऊ नका, हे त्याच्या ग्रंथात नाही. ते मधेच कुणीतरी घातलं, आणि आता त्याला प्राचीन म्हणून छापतात.

आणि आपल्या गोठ्यात काय चालतं? गाईच्या कासेला सूज आली, दुधात गुठळ्या दिसल्या, तर तिला दगडी झाली हे घरातलं शेंबडं पोरही ओळखतं. त्याच संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरला फोन जातो. सडातलं दूध पिळून काढलं जातं, इंजेक्शन दिलं जातं, कारण एक सड गेला तर वेताचं नुकसान. स्त्रीला होतो तो स्तनदाह त्याच जातीचा रोग आहे. जंतूही बहुतेकदा तोच, स्टॅफिलोकोकस ऑरिअस. त्याच घरातल्या सुनेला मात्र सहा दिवस पान बांधून ठेवतात. गाईचं दुखणं पैशांत मोजता येतं म्हणून ते खरं, आणि सुनेचं दुखणं निसर्गाचं म्हणून तिनं सोसायचं, हा हिशेब माझ्या गळी उतरत नाही.

गोळ्या दुधात उतरतात हे खरं आहे, पण किती उतरतात ते कागद सांगत नाही. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दुधात अगदी नगण्य जातात. बाळंतिणीला दुखण्यासाठी याच गोळ्या पहिल्यांदा दिल्या जातात, आणि आयब्युप्रोफेननं सूजही उतरते. पित्ताचा, मूत्रपिंडाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारून घ्याव्यात, बस. दुखणं कमी झालं की बाई बाळाला घ्यायला तयार होते, म्हणून गोळी ही पाजण्याच्या आड येत नाही, पाजायला मदत करते. जंतुसंसर्ग झालाच तर दहा ते चौदा दिवसांचं प्रतिजैविक पुरतं, तेही अंगावर पाजत असताना चालेल असंच दिलं जातं. तापाचं दूध बाळाला बाधत नाही. स्तनदाह झालेल्या बाजूचं दूध पाजत राहणं सुरक्षित आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००० सालीच सांगितलेलं आहे.

डॉक्टर दूध तोडायला लावतात, या आरोपात तथ्य आहे आणि ते मी झाकणार नाही. अजूनही काही डॉक्टर स्तनदाह दिसला की पाजणं बंद करा म्हणतात, दूध आटवायची गोळी लिहून देतात. ते चूक आहे, आणि तसं सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जावं. दवाखान्यांचा दोष याहूनही मोठा आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झालेली दिसतात, पण जन्मल्यावर तासाभरात आईच्या अंगावर गेलेली बाळं ४१.८ टक्केच. म्हणजे बहुतेक बाळंतिणी आमच्या हाताखालून जात असताना पहिला तास आम्हीच वाया घालवतो. सिझेरियन झालं म्हणून बाळ वेगळ्या खोलीत, वजन कमी म्हणून डब्याची पावडर, आई दमली म्हणून नंतर बघू. मग घरी मध चाटवणं, गुटी, चीक पिळून टाकणं. तिसऱ्या दिवशी छाती दगड झाली की सगळे मिळून निसर्गाला बोल लावतात. निसर्गानं उपाय बाळाच्या तोंडातच देऊन ठेवला होता, तो आपण बाजूला सारला.

भाचीला मी काय सांगितलं, तेही लिहिते, कारण नुसतं खोडून काढणं मला पुरेसं वाटत नाही. बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा अंगावर जाऊ दे, रडायची वाट बघू नकोस. तोंड मोठं उघडलं की काळा भागही आत जाऊ दे. तो भाग ताठला असेल तर दोन्ही हातांची बोटं त्याच्याभोवती ठेवायची आणि आत, बरगड्यांच्या दिशेनं, हलकेच मिनिटभर दाबून धरायची. सूज मागं सरकते, जागा मऊ होते, लगेच बाळ लावायचं. हे मी शेकडो जणींना करून दाखवलंय, आणि ताठलेला भाग बोटांखाली मऊ पडताना बाईच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासाठी मी रात्रपाळ्या केल्या आहेत. बाळ घेतच नसेल तर हातानं थोडं दूध काढायचं, आराम पडेल इतकंच. पूर्ण रिकामं करत बसलं की शरीर आणखी दूध बनवतं. काढलेलं दूध वाटी-चमच्यानं बाळाला द्यायचं. काढलेलं दूध बाधतं म्हणून ते ओतून देणाऱ्या घरांना मी मुंबईतल्या शीवच्या रुग्णालयाचं सांगते. तिथं १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि बायांनी काढून दिलेल्या दुधावर दुसऱ्यांची अपुऱ्या दिवसांची बाळं वाढली. पाजून झाल्यावर थंड पंचा ठेव. घट्ट काही बांधू नकोस. पाणी तहानेपुरतं पी, कुणी अडवलं तरी पी.

आणि थंडी वाजून ताप आला, ३८.५ सेल्सियसच्या वर गेला, छातीवर एका जागी लाल पट्टा उठला, अंग मोडून आलं, किंवा दिवसभरात उतार पडला नाही, तर त्या दिवशी दवाखाना. दुसऱ्या दिवशी नाही. गाठ बाकी सगळं बरं होऊनही राहिलीच, तर सोनोग्राफी करून घे.

आमच्या आज्यांनी दवाखान्याचं तोंड न पाहता दहा-दहा बाळंतपणं केली, असं मला हमखास ऐकवलं जाईल. केली, आणि त्यांच्या धीराला माझा नमस्कार आहे. पण ज्या बाळंतरोगानं गेल्या, त्या कुणाच्याच आज्या झाल्या नाहीत. त्यांचं सांगायला कुणी उरलेलं नाही.

खेड्यात रात्री दवाखाना कुठला, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्यावर आपल्याकडे एक सोय आहे जी आपण अर्धीच वापरतो. दवाखान्यातून घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. तिसरा आणि सातवा दिवस, म्हणजे नेमके छाती दाटायचे दिवस. पण बहुतेक घरांत त्यांच्यासमोर बाळ आणून ठेवतात, वजन झालं की चहा देतात आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलेलंच राहतं. आमच्या तालुक्यातल्या एक आशाताई दारातूनच म्हणायच्या, "काकू, चहा तेवढा आधी टाका, उन्हातनं आलेय." काकू चुलीकडे वळल्या की त्या आत जाऊन बाळंतिणीच्या खाटेवर बसायच्या, कपाळाला हात लावायच्या आणि हळूच विचारायच्या, "छाती दुखते का गं? बघू दे मला." फडकं बांधलेलं असलं तर तिथंच सोडायच्या, बाळाला स्वतःच्या हातानं लावून द्यायच्या, पकड बघायच्या. चहा उकळेपर्यंत एवढं सगळं होऊन जायचं.